टॉर्क रेंच

टॉर्क रेंच हा नट किंवा बोल्ट ठरावीक पिळाने आवळण्यासाठी वापरला जाणारा पाना आहे. दांड्याशी काटकोनात लावलेला जोर आणि नटापासून हातापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे पीळ अथवा टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. लहान मोटारगाडीच्या चाकाचे नट साधारणतः १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत असतो.

वापर

प्रचलित प्रकारात दांड्याच्या आत स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावतात. तेवढा पीळ होताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका जाणवतो. तेथेच थांबावे. खात्रीसाठी आणखी एकदा जोर लावण्याची सवय पुष्कळांना असते. तिच्यामुळे नट ठरल्यापेक्षा अधिक आवळला जाऊ शकतो. मूठ मध्यभागी धरून, हिसका न देता, संथपणे ओढावी.

हा पाना पीळ मोजतो, बोल्टमधील ताण नव्हे. पिळाचा फार मोठा भाग घर्षणातच खर्ची पडतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरल्यास बोल्ट अधिक ताणला जातो, प्रसंगी तुटतोही.

निगा

काम संपल्यावर आकडा मोजपट्टीवरील किमान खुणेपर्यंत उतरवावा, त्याखाली नेऊ नये. स्प्रिंग दीर्घकाळ दाबलेली राहिल्यास पाना दाखवतो एक आणि आवळतो दुसरेच. गंजलेले नट सोडवण्यासाठी तो वापरू नये. त्या कामाला साधा पाना पुरतो. वर्षातून एकदा किंवा सुमारे ५,००० वेळा वापरल्यावर, तसेच पाना उंचावरून पडल्यास, त्याचे अंशशोधन करून घ्यावे.