मोटारीतील छतदिवा

मोटारीतील छतदिवा हा प्रवासी कक्षात छताच्या आतील बाजूस बसवलेला लहान विद्युत दिवा होय. कोणतेही दार उघडताच तो आपोआप लागतो आणि सर्व दारे बंद झाल्यावर विझतो. बोलीभाषेत त्यास केबिन लाइट किंवा रूफ लाइट असेही म्हणतात. दारे लावल्यानंतरही हा दिवा चालू राहणे हा मोटारींमध्ये नेहमी आढळणारा बिघाड आहे. त्याची दुरुस्ती बहुधा किरकोळ असते. मात्र दुर्लक्ष केल्यास बॅटरी उतरते. शिवाय एखादे दार नीट लागलेले नाही, याचीही ती सूचना असू शकते.

रचना व कार्य

छतदिव्याच्या बटणाला सामान्यतः तीन स्थिती असतात: कायम चालू, कायम बंद आणि दारानुसार. तिसऱ्या स्थितीत दिव्याचे नियंत्रण दाराच्या स्विचकडे जाते. जुन्या व साध्या मोटारींत हा स्विच दाराच्या चौकटीत असतो. त्याची स्प्रिंग लावलेली खीळ दार बंद होताना आत दाबली जाते व विद्युतमंडल तुटते. दार उघडले की खीळ बाहेर येते, मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. म्हणजेच खीळ पुरेशी आत गेली नाही, तर दार बंद असूनही दिवा चालूच राहतो. अनेक नव्या मोटारींत स्विच दाराच्या कुलपातच असून त्याचा संकेत इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जातो. अशा मोटारींत दार लावल्यावर दिवा काही सेकंद चालू राहून हळूहळू विझतो. तो बिघाड नव्हे.

कारणे

• बटण चुकून ‘कायम चालू’ स्थितीत सरकलेले असणे
• दार किंवा डिकी अर्धवट लागणे
• खीळ गंजाने किंवा धुळीने अडकणे
• बिजागरी झिजून दार खाली उतरल्याने खिळीवर पुरेसा दाब न येणे
• कुलपातील वंगण घट्ट होऊन आतील स्विच न हलणे
• स्विचच्या वायरचे आवरण झिजून ती मोटारीच्या पत्र्याला टेकणे

तपासणी व दुरुस्ती

तपासणी सोप्या कारणापासून सुरू करावी. प्रथम बटणाची स्थिती पाहावी, मग डिकीसह प्रत्येक दार उघडून पुन्हा घट्ट लावावे. त्यानंतर एकच दार उघडे ठेवून त्याची खीळ बोटाने पूर्ण दाबावी. दिवा विझल्यास स्विच चांगला असून दोष दाराच्या बसण्यात आहे, असे समजावे. न विझल्यास तीच कृती इतर दारांवर करावी. एकाही खिळीने फरक पडत नसेल, तर एकेका स्विचची वायर सोडवून पाहावी. ज्या दाराची वायर सोडवताच दिवा विझतो, त्याचा स्विच सदोष असतो.

अडकलेली खीळ विद्युत संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने साफ करता येते. स्विच बदलताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे आणि वायर चौकटीच्या आत पडू नये म्हणून ती चिकटपट्टीने बाहेर अडकवून ठेवावी. दुरुस्ती होईपर्यंत बटण ‘कायम बंद’ स्थितीत ठेवणे हा सोपा तात्पुरता उपाय आहे. फ्यूज काढल्यास रेडिओ किंवा मध्यवर्ती कुलूप यांसारख्या इतर सोयीही बंद पडू शकतात.

बॅटरीवरील परिणाम

१२ व्होल्टच्या मोटारीत ५ वॅटचा साधा दिवा सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी पूर्ण भारित असली, तरी ४८ तासांत तिचा निम्म्याहून अधिक भार एवढ्यानेच संपतो. बॅटरी जुनी असल्यास इंजिन सुरू करण्याइतकी शक्ती त्याआधीच संपू शकते. १ वॅटचा एलईडी दिवा याच्या एक पंचमांश प्रवाह घेतो. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण उतरल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर साचतो आणि तिचे आयुष्य कमी होते. काही मोटारींत ठरावीक वेळेनंतर दिवा बंद करणारी यंत्रणा असते.

प्रदेशानुसार फरक

या बिघाडावर हवामानाचाही प्रभाव पडतो. अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) हे त्याचे चांगले उदाहरण आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीतील अकोले तालुक्यात मुसळधार पाऊस पडतो; तेथे खीळ गंजण्याची शक्यता अधिक. पर्जन्यछायेतील पारनेर, कर्जत, जामखेड व पाथर्डी या तालुक्यांत कच्च्या रस्त्यांवरील बारीक धूळ खिळीच्या रबरी टोपीत व कुलपात शिरते. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडासाठी पाचनई येथे किंवा कळसूबाईसाठी बारी येथे मोटार ठेवून गिर्यारोहक डोंगरावर जातात. दिवसा उन्हात लागलेला छतदिवा सहज दिसत नाही आणि दोन रात्रींच्या मुक्कामानंतर मोटार सुरू होत नाही. अशा ठिकाणी दुरुस्तीचे दुकान जवळ असतेच असे नाही. म्हणून मोटार दीर्घकाळ उभी करताना बटण ‘कायम बंद’ करून, काचेवर हाताची सावली धरून दिवा विझल्याची खात्री करणे हितावह ठरते.