रूळ पाहावेत, हातही पाहावेत

बारवी धरणावर सहलीला गेलेला माणूस भिंत पाहतो, पाणी पाहतो आणि जेवणाचा डबा सोडतो. भिंत कोणी रचली, पाण्याखाली कोणाची शेते गेली, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचेही असेच आहे.

बदलापूरहून वांगणी, शेलू मागे पडले की नेरळ येते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने ही लाइन १९०४ ते १९०७ या काळात झाली. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. रूळ अरुंद, म्हणून वळण आखूड घेता येते आणि कातळही कमी फोडावा लागतो. चढ काही जागी वीस फुटांना एक फूट. पहिली चार इंजिने जर्मन बनावटीची. वळणावर त्यांची टोकाची चाके किंचित कलावीत, अशी आसांची रचना होती.

एवढे जरी गाडी सुटण्यापूर्वी कोणी समजावले, तरी प्रत्येक वळण पाहुण्याशी बोलू लागेल. पण तेवढ्याने भागत नाही. २००५ च्या अतिवृष्टीत ही लाइन उखडली, ती २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने नेरळकडचा मार्ग बंद पडला, तो २०२२ मध्ये खुला झाला. दोन्ही वेळा रूळ आपोआप जागेवर आले नाहीत.

नेरळपुढे कर्जत, आणि तेथून बोरघाट. १८५६ ते १८६३ पर्यंत तेथे पंचवीस बोगदे खोदले गेले. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे राबत होती. १८५९ साली मजुरीवरून मजूर खवळून उठले. त्याच वर्षी ठेकेदार ट्रेडवेल वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. डोक्यावर पाटी वाहणारीचे राहिले नाही.

मागे कामगारांची मुले घेऊन मी माथेरानला गेलो होतो. एकाने विचारले, “काका, पावसात हे रूळ कोण सांभाळतो?” मी माझ्यापरीने सांगितले, पण मी रेल्वेतला नव्हे. ते सांगायला निवृत्त गँगमनच हवा. सुटीच्या दिवशी नेरळच्या फलाटावर त्याने दहा मिनिटे बोलावे, पाहुण्यांनी ऐकावे.

आणि त्या दहा मिनिटांचा मोबदला त्याला मिळावा. युनियनचा माणूस आहे. एवढे म्हटल्याशिवाय खाली बसणार नाही.