पान कोरं, अक्षरांचे चौकोन, ब्राउझर बंद: दोष नक्की कुणाचा?

जुलै संपत आला की नातेपुत्यासारख्या गावातल्या सेवा केंद्रांपुढे सकाळपासूनच गर्दी असते. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते, त्यामुळे सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन माणसं बाकड्यावर बसलेली असतात. फॉर्म भरला जातो, पैसे कापल्याचा मेसेज मोबाइलवर येतो आणि समोरच्या स्क्रीनवर मात्र पांढरंधोप पान. ना पावती, ना अर्ज क्रमांक. केंद्रचालक म्हणतो 'साइट डाऊन आहे', शेतकरी म्हणतो 'नेट गेलं असेल', आणि शेजारचा कुणीतरी सांगतो, 'कॉम्प्युटर बंद करून चालू करा.'

तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो. म्हणून दुरुस्तीच्या आधी दोष कुठे आहे ते शोधावं लागतं. साइट, नेट, ब्राउझर आणि कॉम्प्युटर या चार जागा. त्यांची निवड करायची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे तेच पान मोबाइलवर, केंद्राचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडणं. तिथेही उघडलं नाही तर दोष बहुधा साइटचा. तिथे उघडलं तर दोष केंद्रातल्या नेटचा किंवा कॉम्प्युटरचा. मग मोबाइलचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला जोडून पाहायचा. तरीही पान येत नसेल तर कॉम्प्युटरच तपासायचा. दोन मिनिटांच्या या चाचणीने निम्मे वाद मिटतात.

पैसे गेले, पावती नाही

पानावर ५००, ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा दिसत असेल तर केंद्रातल्या कुणीही काहीही केलं तरी फरक पडत नाही. पाचाने सुरू होणारे आकडे म्हणजे पलीकडचा सर्व्हर अडचणीत आहे. शेवटच्या तारखेला ५०३ आणि ५०४ जास्त दिसतात, कारण सगळा महाराष्ट्र एकाच वेळी तेच दार ठोठावत असतो. अशा वेळी दर पाच सेकंदाला रिफ्रेश मारणं म्हणजे रांगेत पुन्हापुन्हा शेवटी जाऊन उभं राहणं. ४०४ आला तर पत्ता चुकलाय किंवा ते पान हलवलंय, एवढाच अर्थ.

पैसे कापले गेले असतील आणि पान कोरं असेल, तर रिफ्रेश करूच नये. ब्राउझर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का' असं विचारतो तेव्हा 'हो' म्हटलं की तीच माहिती दुसऱ्यांदा जाते, आणि काही साइटवर पैसेही दुसऱ्यांदा कापले जाऊ शकतात. त्याऐवजी नवीन टॅबमध्ये लॉग-इन करून व्यवहारांची यादी बघावी. बऱ्याचदा अर्ज पोचलेला असतो, फक्त पावती दिसलेली नसते.

ती न दिसण्याचं एक कारण इतकं साधं आहे की ते कुणाच्या लक्षातच येत नाही. अनेक सरकारी साइट पावती नव्या खिडकीत उघडतात आणि आजचे ब्राउझर अशा आपोआप उघडणाऱ्या खिडक्या जाहिराती समजून अडवतात. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक बारीक खूण येते. तिच्यावर क्लिक करून त्या साइटला पॉप-अपची परवानगी दिली की पुढच्या वेळी पावती समोर येते.

घड्याळ मागे गेलं की सगळ्या साइट 'असुरक्षित'

जुन्या कॉम्प्युटरवर हमखास येणारा आणि सर्वांत जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' हा इशारा. एका साइटवर नाही, सगळ्याच साइटवर. कुणी म्हणतं व्हायरस आला, कुणी विंडोज बदलायला सांगतं. खरं तर आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायला हवी.

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. १ सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आणली गेली. ब्राउझर ती मुदत कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. आता घड्याळात २०१२ साल असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने आजचं प्रत्येक प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो सगळ्यांनाच अडवतो.

घड्याळ मागे जातं ते मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे. वीज नसताना वेळ जपायचं काम तो करतो. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी किंवा रात्री मेन स्विच बंद करायची सवय असलेल्या दुकानात सगळा भार त्याच्यावर येतो आणि काही वर्षांत तो संपतो. तारीख हाताने नीट केली की साइट लगेच उघडतात, पण सेल बदलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना वीज पूर्ण बंद हवी, एवढंच.

तारीख बरोबर असूनही एकाच साइटवर इशारा येत असेल तर त्या साइटचंच प्रमाणपत्र संपलेलं असू शकतं. तिथे थांबणं बरं. बँकेच्या साइटवर तर 'तरीही पुढे जा' हे बटण कधीच दाबू नये. तिसरी शक्यता जुन्या उपकरणांची. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची साखळी ज्या मूळ प्रमाणपत्रावर टेकली होती, त्याची मुदत संपली. तेव्हा वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या बऱ्याच उपकरणांवर चांगल्या चालणाऱ्या साइटही एका दिवसात 'असुरक्षित' ठरल्या.

'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा'

एक काळ असा होता की सरकारी साइटच्या तळाशी ही सूचना ठरलेली असे. त्या साइट एकाच ब्राउझरसाठी बांधल्या होत्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये मेन्यू एकमेकांवर चढायचे, तारखेचा रकाना उघडायचा नाही, बटण दाबलं तरी काही व्हायचं नाही. डिजिटल सही करायला जावाचा छोटा प्रोग्राम लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने अशा प्रोग्रामांचा जुना मार्ग कायमचा बंद केला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं, १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला.

त्या काळातली एखादी साइट आजही वापरायची वेळ आली तर मायक्रोसॉफ्ट एजच्या सेटिंगमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' आहे. त्यात पान पुन्हा लोड केलं की जुनं इंजिन वापरलं जातं. ही सोय किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचं कंपनीने जाहीर केलंय.

उलट बाजूची अडचण आज जास्त आहे. साइट नवी आणि कॉम्प्युटर जुना. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि त्यानंतर त्या कॉम्प्युटरवरचं क्रोम आहे तिथेच थांबलं. साइट बनवणारे मात्र थांबत नाहीत. त्यांनी वापरलेली एखादी नवी सोय जुन्या ब्राउझरला कळली नाही की पानाचा तो भाग गायब होतो, कधी सगळं पानच कोरं येतं. 'काल चालत होतं' ही तक्रार अशा वेळी खरी असते, कारण बदल साइटने केलेला असतो. विंडोज १० टाकण्याइतकी कॉम्प्युटरची ताकद नसेल तर फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घकालीन आवृत्ती विंडोज ७ वरही चालते. पण हा तात्पुरता आधार आहे. लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील ज्या कॉम्प्युटरवर भरले जातात, तिथे तो फार काळ चालवणं धोक्याचंच.

मराठीच नीट दिसत नाही तेव्हा

इथे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांवर औषध वेगळं.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर मजकूर ठीक आहे, फक्त कॉम्प्युटरकडे देवनागरी फॉन्ट नाही. या चौकोनांना छपाईवाल्यांच्या जगात गमतीने 'टोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू' यावरूनच आलं. तो मोफत मिळतो. टाकला की चौकोन जातात.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि मध्येमध्ये विचित्र चिन्हं अशी माळ दिसली तर फॉन्ट टाकून उपयोग नाही. युनिकोडमधलं देवनागरीचं एक चिन्ह साठवताना सहसा तीन बाइट लागतात. ब्राउझरला ते कळलं नाही तर तो प्रत्येक बाइटला स्वतंत्र रोमन अक्षर समजतो. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेन्यूत हे दुरुस्त करण्याचा पर्याय आहे. बाकी चूक साइटवाल्यांचीच.

तिसरा प्रकार सगळ्यात जुना. रोमन अक्षरांचा निरर्थक पण सलग मजकूर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोज एक्सपीच्या काळातही मराठी नीट दिसायला सीडी घालून वेगळा पर्याय चालू करावा लागे. त्यामुळे कितीतरी मराठी साइट स्वतःचाच फॉन्ट वापरत. त्यात 'क' म्हणून जे दिसे ते आतून एखादं रोमन अक्षरच असे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर गिचमिड. जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केल्यावर आजही हेच होतं. तिथे त्या विशिष्ट फॉन्टसाठीचं कन्व्हर्टर वापरण्याशिवाय इलाज नाही.

वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसणं, जोडाक्षर फुटणं, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसणं हे आता बरंच कमी झालंय. क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीचं काम 'हार्फबझ' या यंत्रणेकडून करून घेतात आणि तिला देवनागरी चांगली येते. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर मात्र तो बिघाड नाही. पान मराठीत आहे हे साइटवाल्यांनी सांगितलेलं नसतं, किंवा फॉन्टमध्ये मराठी वळण नसतं. वाचता येतं, पण डोळ्याला खुपतं.

सातबाऱ्याबाबत एक वेगळीच भीती असते. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला, पीडीएफ उघडली आणि सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह. बँकेत कुणीतरी म्हणतं, 'ही सही खरी नाही.' प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की या कॉम्प्युटरवरच्या रीडरने भारतातल्या सह्यांच्या मूळ प्रमाणपत्रावर अजून विश्वास ठेवलेला नाही. सही चुकीची असेल तर लाल फुली येते. ब्राउझर सहसा पीडीएफ नुसती दाखवतो, सही तपासत नाही. त्यासाठी फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी. त्याहून सोपं म्हणजे उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाकून बघणं. तीच खरी तपासणी.

ब्राउझर खरोखरच बंद पडतो तेव्हा

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तेव्हा त्याची एक मोठी जाहिरात होती ती टॅब वेगवेगळे चालवण्याची. एक टॅब मेला तरी बाकीचे जिवंत राहतात. याची किंमत मेमरीत मोजावी लागते. २ किंवा ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर पंधरा टॅब उघडे असले की पानाऐवजी माफी मागणारा चेहरा दिसायला लागतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कुठला टॅब किती मेमरी खातोय याची यादी येते. तिथूनच तो बंद करता येतो.

एकच पान पुन्हापुन्हा मरत असेल तर ते इन्कॉग्निटो खिडकीत उघडावं. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुना साठा नसतो. तिथे चाललं तर संशयित दोनच उरतात. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावं, आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान साठ्याऐवजी पुन्हा साइटवरून आणावं. स्क्रीन काळी होत असेल किंवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. सेटिंगमधल्या 'सिस्टिम' भागात ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करून बघावं.

'सगळा डेटा साफ करा' हा सल्ला मात्र सावकाश घ्यावा. कॅशच्या खुणेबरोबर पासवर्डची खूणही गेली, तर केंद्रातल्या सगळ्या पोर्टलचे जपलेले पासवर्ड एका क्लिकमध्ये जातात. मुदतीच्या दिवशी याहून वाईट काही नाही.

मोबाइलवर हिशेब थोडा वेगळा. २२ मार्च २०२१ ला जगभरच्या अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप उघडताच बंद पडू लागली होती. दोष त्या अ‍ॅपचा नव्हता. अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवणाऱ्या 'वेबव्ह्यू' या भागाचं अपडेट बिघडलेलं होतं. त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन अ‍ॅप बंद पडायला लागली तर ती काढून पुन्हा टाकण्याआधी प्ले स्टोअरमध्ये वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करावं.

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते, तेव्हा मोबाइलचे टॉवर जवळपास तेवढेच आणि माणसं कित्येक पटींनी जास्त असतात. अशा दिवशी पान उघडतं, पण चित्रं नाहीत, रंग नाहीत, सगळे दुवे एकाखाली एक. पानाची मांडणी सांगणारी फाइल वेगळी येत असते आणि ती वाटेत अडकलेली असते. तेव्हा फोनमध्ये काहीही बदलू नये. पहाटे तेच पान नीट उघडतं.