इंग्रजीचा साधा भूतकाळ आणि आपली मराठी सवय

नोकरीच्या मुलाखतीत बरेचसे प्रश्न भूतकाळातले असतात. काय शिकलात, कोठे काम केले, ते काम का सोडले? आपल्या पिंपळे सौदागरहून कोणी हिंजवडीला जातो, कोणी भोसरीला, कोणी चाकणला. प्रश्न मात्र तेच. हातात कसब असते, पण हे तीन प्रश्न इंग्रजीत आले की जीभ अडखळते. म्हणून साध्या भूतकाळाविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. ‘गो, वेन्ट, गॉन’ हा पाढा पाठ झाला की व्याकरण आले, असे आपण समजत होतो. पाढा हवाच, पण त्यातले कोणते रूप कोठे वापरायचे, हे समजले पाहिजे.

खरे तर मराठीचाच भूतकाळ अधिक खटपटीचा. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. खाणारा एकच, पण क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीत या सर्वांना एकच ‘एट’, मग खाणारा कोणीही असो. (मराठी शिकू पाहणाऱ्या शेजाऱ्याला विचारा, कोणाचा भूतकाळ अवघड ते!) कर्त्याप्रमाणे बदलतात ती फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’.

घोटाळा होतो तो प्रश्नात आणि नकारात. तेथे भूतकाळाचे ओझे ‘डिड’ उचलतो, म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात येते. ‘आय डिडन्ट वेन्ट’ चूक, ‘आय डिडन्ट गो’ बरोबर. ‘व्हेअर डिड यू वर्क?’ असे विचारले तर उत्तर ‘आय वर्क्ड इन भोसरी’. पुष्कळजण ‘आय वॉज वर्क’ म्हणतात. आपल्या ‘काम केले होते’ मधला ‘होते’ तेथे डोकावतो.

सर्वांत जास्त चूक होते ती सालाची. ‘मी २०१९ साली आयटीआय पास झालो आहे’ हे मराठीत खपून जाते. त्याचेच आपण ‘आय हॅव पास्ड आयटीआय इन २०१९’ करतो, अर्जातसुद्धा. इंग्रजीला हे चालत नाही. साल, ‘यस्टरडे’, ‘लास्ट मंथ’, ‘टू इयर्स अगो’ असा सरून गेलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढून टाकायचे : ‘आय पास्ड आयटीआय इन २०१९’. साल सांगायचेच नसेल तर ‘आय हॅव पास्ड आयटीआय’ बरोबर आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, येथे ‘वेन्ट’च हवे. साल गाळून नुसते ‘हॅज गॉन’ म्हटले, तर ते अजून तिकडेच आहेत असा अर्थ होईल!

उलट मराठीतले काही भूतकाळ नुसते दिसायला भूतकाळ असतात. शिवार चौकात अडकलेला माणूस फोनवर ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा तो आलेला नसतो. त्याचे इंग्रजी ‘आय केम’ नव्हे, ‘आय ॲम कमिंग’. तसेच ‘भूक लागली’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’.

आता उच्चार. क्रियापदाला शेवटी ‘ईडी’ लागले म्हणून सगळीकडे ‘एड’ म्हणू नये. लिहिताना आपण ‘वर्क्ड’ लिहितो, पण कानाला ते ‘वर्क्ट’ असे येते. ‘जॉइन’ला नुसता ‘ड’ लागून ‘जॉइन्ड’ होते. मूळ शब्दाचा शेवट ‘ट’ किंवा ‘ड’ या आवाजाने होत असेल तरच ‘इड’ ऐकू येते : ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’.

राहिला तिसरा प्रश्न, ‘व्हाय डिड यू लीव्ह?’ आपल्या कंत्राटी कामगार बांधवांना याचे उत्तर वारंवार द्यावे लागते. मुदत संपली, तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. ‘लीव्ह’चे ‘लेफ्ट’ करावे, ‘एन्ड’ला ‘इड’ लावावे आणि सरळ सांगावे : ‘आय लेफ्ट बिकॉज माय कॉन्ट्रॅक्ट एन्डिड.’