उभ्या गाडीतील उंदीर

खरिपाची कापणी आटोपली की शेतातील उंदीर ऊब आणि दाणा शोधीत वस्तीकडे सरकतात. गोदामालगत महिनाभर न हललेली गाडी त्यांना आयतेच घर वाटते. एअर फिल्टरच्या पेटीत चिंध्यांचे घरटे होते. सतत वाढणारे दात झिजविण्यासाठी वायरी कुरतडल्या जातात. चिकट फळी स्वस्त खरी, पण तिच्यावरील जीव तासन्‌तास तडफडतो. अहिंसा पाळणाऱ्या घराने वाटच अडवावी. पोती गॅरेजबाहेर ठेवावीत, शटरखाली रबरी पट्टी लावावी. पेन्सिलीएवढी फटही तारेच्या जाळीने बुजवावी. तत्पूर्वी आत पिले नाहीत ना, हे पाहावे. नाहीतर ती आतच उपाशी मरतील. गाडी आठवड्यातून एकदा फिरवावी, आणि किल्ली लावण्याआधी बॉनेट उघडावे.