वीट, विटा आणि ठोकळे

आज विषय आहे शुद्धलेखनाचा, पण वही-पेन बाजूला ठेवून. आमच्या हातात आहेत घरोघरी असणारे, एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे.

कल्पना तशी जुनीच. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमला बालगृह सुरू केलं. हाताला लेखणी धरता येण्याआधी मूल सुटी अक्षरं मांडून शब्द तयार करू शकतं, हे त्यांनी तिथं दाखवलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी हा विचार रुजवला. आम्ही फक्त लाकडी अक्षरांच्या जागी ठोकळे घेतले.

सुरुवातीला आम्ही चुकलो, ते आधी सांगतो. इंग्रजी स्पेलिंगसारखी आम्ही अक्षरं आणि मात्रा एका ओळीत लावली. एका मुलानं 'वि' करताना आधी 'व' ठेवला, मग वेलांटी. आम्ही म्हणालो, "चूक!" खरं तर कानाच्या हिशेबानं तो बरोबर होता. 'इ' ऐकू येते 'व'च्या नंतरच, कागदावर मात्र ती आधी काढायची असते. त्यानंतर बराच वेळ त्यानं ठोकळ्यांना हात लावला नाही.

मग आम्ही मांडणी बदलली. देवनागरीत मात्रा अक्षराला चिकटते, म्हणून ती ठोकळ्यावरच चढवायची. आठ बटणांचा मोठा ठोकळा म्हणजे पूर्ण अक्षर. त्यावर काही नसेल तर तो 'अ'कारान्त. ऱ्हस्व मात्रेसाठी चार बटणांचा लहान ठोकळा आणि दीर्घ मात्रेसाठी आठ बटणांचा. मात्रांचा रंग वेगळा. अर्ध्या अक्षरासाठी अक्षराच्याच रंगाचा लहान ठोकळा, आणि त्याच्या डोक्यावर काहीही ठेवायचं नाही. 'वस्ती'तला अर्धा 'स' असा हाताला कळतो. ठोकळ्यांवर चिकटपट्टी लावून अक्षर लिहिलं की झालं.

आता गंमत बघा. 'वीट' मांडा. 'व'वर लांब मात्रा, 'ट' मोकळा. आता अनेक विटा करायच्या, म्हणून 'ट'वर काना चढवला. काना दीर्घ, म्हणजे तोही लांब ठोकळा. शेवटी वजन आलं की आधीची मात्रा लहान होते: 'विटा'. तसंच 'फूल' आणि 'फुले', 'मूल' आणि 'मुलाला'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांत हेच आहे: शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, ते तसं नसेल, तर ऱ्हस्व. पाठ करायला रुक्ष वाटणारा हा नियम मूल हातानं ठोकळा बदलून शिकतं.

अपवाद आहेतच. 'गीत'चं 'गीते' होताना 'गी' दीर्घच राहते, कारण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं रूप राखतात. पण तो हिशेब पहिली-दुसरीत नको. आधी घरातले शब्द पक्के होऊ द्यात.

दोन पथ्यं सांगतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लहान तुकडे देऊ नका, ते तोंडात जातात. आणि मांडलेला प्रत्येक शब्द लगेच पाटीवर लिहून घ्या. वेलांटी डावीकडून काढायची सवय ठोकळा लावणार नाही, ती पाटीवरच लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? वहीत लाल गोल पडला की तो तसाच राहतो. लाल गोलांना घाबरलेलं मूल मग अवघड शब्द टाळतं, दोन ओळींत निबंध संपवतं. ठोकळा चुकला तर उचलायचा, दुसरा बसवायचा. 'चूक' असो की 'चुका', दुरुस्ती मुलाच्याच हातात असते.

आज घरी गेल्यावर 'वीट' मांडून बघा. 'विटा' करायचं काम मात्र मुलांवर सोडा.