पाण्याखालचा पहिला परवाना
मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटे मारलेली बुडी हा केवळ अनुभव असतो. जोडीदारासह १८ मीटरपर्यंत स्वतंत्रपणे उतरण्याची पात्रता ‘ओपन वॉटर डायव्हर’ या प्राथमिक प्रमाणपत्राने मिळते. ‘पॅडी’ या संस्थेच्या अभ्यासक्रमात त्यासाठी सैद्धान्तिक पाठ, संथ व मर्यादित पाण्यातील सराव, खुल्या पाण्यातील ४ बुड्या आणि पोहण्या-तरंगण्याची चाचणी पूर्ण करावी लागते. सर्वांत मोलाचा धडा मात्र श्वासाचा आहे: १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्याने तेथे घेतलेला श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांतील हवा प्रसरण पावून त्यांना इजा होऊ शकते, म्हणून ‘रेग्युलेटर’मधून, म्हणजे टाकीतील हवा भोवतालच्या दाबाइतकी करून देणाऱ्या उपकरणातून, अखंड श्वास घेत राहणे हा पहिला नियम ठरतो.